खातेय, थांबा

तिला सगळी गल्ली झाकणकाकू म्हणायची. तोंडावर नुसतं काकू, आणि पाठ वळली की झाकणकाकू. तिला ते ठाऊक होतं आणि तिची तक्रार नव्हती. दर महिन्याला हातात चपटा स्क्रूड्रायव्हर आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा घेऊन ती दारोदार फिरायची, भिंतीलगत जमिनीत पुरलेल्या डब्यांची झाकणं उचकटायची, आत डोकवायची आणि पुन्हा नीट बसवायची. संध्याकाळी कंबर धरून घरी यायची. याबद्दल तिला मिळायचं काय, तर गल्लीची बोलणी आणि वाळवी कार्यालयाकडून वर्षाला एक रेनकोट. तरी बाई हटायची नाही.

आता हे डबे कसले, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. वाळवी शहराला नवी नव्हती. पूर्वीची वाळवी चौकटीला लागायची, लोक रॉकेल मारायचे, फारच झालं तर चौकट बदलायचे, विषय संपला. ही वाळवी निराळी. कुठल्यातरी परमुलखातून लाकडी खोक्यांत बसून बंदरावर उतरली म्हणतात. हिचा कबिला अफाट. मुक्काम एका घरात, जेवण गल्लीभर. जमिनीखालून जायची, भिंतीच्या पोकळीतून वर चढायची, आणि वरून रंग दिलेली चांगली ठणठणीत दिसणारी तुळई बोट दाबलं की बोट आत घ्यायची. एकानं फवारा मारला की ती शेजारी सरकायची, शेजाऱ्यानं मारला की परत यायची. त्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत इतकी भांडणं झाली, की काही घरांत अजून बोलाचाली नाही.

शेवटी वाळवी कार्यालयानं ठरवलं की अख्ख्या गल्लीनं मिळून एकदमच करायचं. प्रत्येक घराच्या भिंतीशी डबे पुरायचे, त्यांत लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि वाट बघायची. वाळवी तुकड्याला लागली की तो काढून औषधाची कांडी घालायची. औषध असं की खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही. ती पोटात घेऊन घरी जाते, बाकीच्यांना भरवते, आणि काही महिन्यांत सगळा कबिला आतल्या आत संपतो. तोवर नियम एकच. तिला खाऊ द्यायचं. फवारायचं नाही, डिवचायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. एकदा का डिवचली, की ती तो रस्ता मातीनं बुजवते आणि तिकडे फिरकत नाही.

"म्हणजे चोराला बोलावून जेवायला वाढायचं," गॅरेजवाला गल्लीच्या बैठकीत म्हणाला होता.

"हो. आणि जेवताना वारा घालायचा," काकू म्हणाली. सगळे हसले, आणि तिथल्या तिथे झाकणं बघायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

पण माणूस चुकीचं निवडलं नव्हतं हो. काकूनं अर्धं आयुष्य बाटल्यांच्या कारखान्यात काढलं होतं. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकायच्या, मागे दिवा, आणि हिनं तडकलेली तेवढी उचलायची. डोळा असा तयार झाला होता की लग्नाच्या पंगतीतही ती पेला उजेडाकडे धरून बघायची. कारखाना बंद पडला, पाठोपाठ नवरा गेला. जेवता जेवता छातीवर हात ठेवला आणि संपलं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात उरल्या दोघी, काकू आणि तिच्या सासूबाई. एके काळी या दोघींच्या भांडणाचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. भांडी आपटायची, दारं आपटायची, आणि नवरा मधल्या मध्ये हसत चप्पल घालून बाहेर पडायचा. तो गेला आणि म्हातारीनं भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं ते धरलंच. दिलं तर खायची, विचारलं तर बोलायची. काकूनं त्या दिवसापासून तिच्यावर कधी आवाज चढवला नाही.

सगळा आवाज गल्लीसाठी राखून ठेवला. गॅरेजवाल्याच्या बायकोनं एकदा डब्यात झुरळांचा फवारा मारला, तर काकूनं भर बैठकीत तिचा असा पाणउतारा केला की ती बिचारी रडत घरी गेली. "एक घर नियम मोडतं आणि सगळ्या गल्लीचं छप्पर जातं," काकू म्हणाली. "अक्कल नसेल तर मला विचारा, पण हात लावू नका." खरं होतं ते. पण सांगायची तऱ्हा वाईट होती.

वर्ष असंच गेलं. वाळवी तुळया खात होती, जिने खात होती, कपाटं खात होती, फक्त डब्यांकडे ढुंकून बघत नव्हती. लोक टोमणे मारायला लागले. आणि मग थंडीतल्या एका सकाळी काकूनं स्वतःच्याच मागच्या अंगणातल्या डब्याचं झाकण उचललं, तर आतलं लाकूड हलत होतं. नुसता गजबजाट! मधूनमधून नारिंगी डोक्याच्या शिपाई वाळव्या, चावायला आल्यासारख्या, तोंडावर दुधासारख्या चिकाचा ठिपका घेऊन. काकूनं झाकण अलगद ठेवलं आणि जमिनीवर बसून रडली. आनंदानं. वाळवी आली म्हणून रडणारी बाई गल्लीनं पहिल्यांदाच बघितली.

कार्यालयातली तपासणीसबाई आली, तिनं कांडी घातली. मग ती काकूच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या घरात गेली. ते शिंपी मास्तरांचं घर. खाली दोन खोल्या, वर शिवणाची खोली, मधे लाकडी जिना. मास्तर आणि त्यांची बायको तिथे लग्नापासून राहत होते. तपासणीसबाईनं तुळयांवर हातोडी वाजवली. आवाज पोकळ होता.

"खरा मुक्काम इथेच आहे, या भिंतीत," ती म्हणाली. "आता दोन वाटा. एक तर आजच भिंत फोडून आत औषध मारायचं. तुम्हाला घर सोडून दुसरीकडे राहावं लागेल, आणि वाळवी उधळून गल्लीभर पांगेल. नाहीतर थांबायचं. पलीकडे काकूंच्या डब्यात ती खायला लागलीय. खात राहिली तर जागच्या जागी संपेल आणि घर वाचेल. मी तुळईला टेकू लावून देते. पण खाणं थांबलं, तर त्याच दिवशी मला कळलं पाहिजे. मग या घरात कुणी राहायचं नाही."

मास्तरांनी काकूकडे बघितलं. "काकू सांगतील तसं," ते म्हणाले.

मग ठरलं. तो डबा फक्त काकूनं उघडायचा, तोही महिन्यातून एकदाच. बाकी कुणी जवळ जायचं नाही. काकूनं घराघरात जाऊन सगळ्यांना बजावलं, पोराटोरांना दम भरला. स्वतःच्या घरात सांगायचं मात्र तिच्या मनातही आलं नाही. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, ती कशाला अंगणात जातेय?

थंडी सरता सरता काकू एकदा नव्या कांड्या आणायला कार्यालयात गेली. परत आली तर मागचं दार सताड उघडं. अंगणात वाफ. सासूबाई स्टुलावर बसलेल्या, पदर खोचलेला, शेजारी मोठं पातेलं उपडं पडलेलं. डब्याचं झाकण लांब. डबा पाण्यानं काठोकाठ भरलेला, आणि पाण्यावर भातासारखा पांढरा थर.

"आलीस? बघ ये," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांचा निकाल लावला. म्हटलं, तू त्यात डोकावून बघतेस तरी काय, ते बघू. झाकण निघेना मेलं, उलथन्यानं काढलं. आत बघते तर ही बया वळवळतेय! म्हटलं, ही पोरगी उन्हातान्हात एवढी वणवण करते, आणि आपल्याच दारात हे? दोन पातेली ओतली, उकळती. एक शिल्लक नाही."

 काकूच्या तोंडापर्यंत काय काय आलं, ते ती स्वतःशीसुद्धा कधी बोलली नाही. पण समोर म्हातारीचा चेहरा होता. नवरा गेल्यापासून तो चेहरा तिनं भिंतीकडे वळलेलाच बघितला होता, आणि आज तो हसत होता. पाय लालभडक झाला होता. पातेलं उचलताना पाणी सांडलं असणार. त्याकडे म्हातारीचं लक्षही नव्हतं.

"छान केलंत, आई," काकू म्हणाली. तिनं सासूबाईंच्या पायावर गार पाणी धरलं, मलम लावलं. "पण बाहेर कुणाला सांगू नका हं. नाहीतर सगळी गल्ली तुम्हालाच पातेलं घेऊन बोलावेल."

म्हातारी खुदकन हसली. त्या संध्याकाळी ती पानावर येऊन बसली आणि मागून घेऊन जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून वेणी घातली.

त्याच दिवशी काकूनं कार्यालयाला कळवायला हवं होतं. कळतंय मला, तुम्हाला राग आलाय. मलाही येतो. पण कळवायचं म्हणजे कोणी काय केलं ते सांगायचं, म्हणजे ते गल्लीत होणार, म्हणजे म्हातारी पुन्हा भिंतीकडे वळणार. आणि एवढंच होतं असंही नाही. गॅरेजवाल्याच्या बायकोचं रडणं काकूच्या डोळ्यांपुढे होतं. ज्या तोंडानं तिची अक्कल काढली, त्याच तोंडानं आता काय सांगायचं? काकूला लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून ती गप्प राहिली. स्वतःला मात्र तिनं सांगितलं की हे सगळं सासूसाठी आहे.

तिनं डबा उपसला, पुसला, नवी कांडी घातली. येईल परत, म्हणाली. जी बाई लोकांना महिन्यातून एकदा म्हणून बजावायची, ती रोज पहाटे झाकण उघडून बघायला लागली. कांडी कोरी. दुसऱ्या दिवशी कोरी. वाळवीनं आत यायची कडेची भोकं मातीनं लिंपलेली. तपासणीसबाई फोनवर विचारायची, "काकू, खातेय का?" आणि काकू म्हणायची, "खातेय."

पहिल्यांदा हे म्हणताना तिची जीभ अडखळली. नंतर अडखळेना. त्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

उन्हाळा लागला. एका कोंदट संध्याकाळी, वारा पडलेला असताना, पंखवाली वाळवी उठली. दरवर्षी उठायची. ती दिव्यांवर येते, म्हणून गल्लीनं ठरवून सगळे दिवे मालवायचे. कोणीतरी ओरडायचं, "दिवे!" आणि एकामागून एक खिडक्या काळ्या व्हायच्या. त्या वर्षी ती मास्तरांच्या जिन्याच्या फटीतून धुरासारखी निघाली. अंधारात सगळे दारात बसले. अंगावर, केसांत, मानेवर पंख. मास्तर काकूच्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

"काकू," ते हळूच म्हणाले, "यंदा फार आहे हो. कमी व्हायला हवी होती ना?"

काकू केसांतले पंख वेचत राहिली.

"आमची ही म्हणते, रात्री भिंतीत कुरकुर ऐकू येते. झोपत नाही ती. माझा मेव्हणा म्हणतोय, या आमच्याकडे. त्याच्या दुकानात एक मशीन मावेल म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. आपलं घर ते आपलं घर. शिवाय गिऱ्हाईक इथलं." मग त्यांनी अंधारात तिच्याकडे तोंड वळवलं. "डबा तुम्हीच बघणाऱ्या. तुम्हीच सांगा. जाऊ, की राहू?"

एक शब्द पुरला असता. जा. पण जा म्हटलं की माणूस का म्हणून विचारणार. दिवे लागलेले असते तर काकूचा चेहराच सगळं सांगून मोकळा झाला असता. अंधार होता.

"खातेय, मास्तर," काकू म्हणाली. "थांबा थोडं."

"झालं तर मग," मास्तर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. मानेवरचे पंख झटकून ते बायकोला सांगायला उठले.

काकू त्या रात्री जेवली नाही. उद्या सांगते, असं तिनं ठरवलं. मग दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. सांगायला म्हणून दोनदा मास्तरांच्या वरच्या खोलीत गेली. एकदा ते कोटाला अस्तर लावत होते, एकदा त्यांच्या बायकोनं चहा पुढे केला. ती चहा पिऊन, पावलं जपून टाकत जिना उतरून आली. जिना तिच्याखाली दबत होता. तिला तो दबलेला कळत होता, आणि तरी ती खाली येऊन काही बोलली नाही.

एका दुपारी मास्तरांची बायको वाळलेले कपडे घेऊन जिन्यावरून येत होती. वरची पायरी गेली, तिच्याबरोबर कठडा गेला. गल्लीला आवाज ऐकू आला तो फळी मोडल्याचा नव्हे, कोणीतरी भुश्याचं पोतं टाकल्यासारखा. बाई खाली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालेल की नाही ते आताच सांगता येत नाही.

तपासणीसबाई धावत आली. तिनं आधी मास्तरांचं घर बघितलं आणि मग काकूच्या अंगणातल्या डब्याचं झाकण स्वतः उघडलं. कांडी नवीकोरी होती. तिनं काकूकडे बघितलं.

"कधीपासून?"

"गेली बहुतेक... अलीकडेच," काकू पुटपुटली.

तपासणीसबाईनं पुढे काही विचारलं नाही. तिच्यामागे दुसऱ्या पाच गल्ल्या होत्या. घर पाडायचं ठरलं. नुसतं मास्तरांचं नव्हे, त्यांना लागून असलेलं पलीकडचंही.

सामान हलवायच्या दिवशी गल्ली गोळा झाली. लाकडी काही बाहेर न्यायचं नाही, असा हुकूम होता. म्हणून कपाट, पलंग, कापड बेतायचं लांब टेबल, सगळं आत तसंच सोडायचं. मास्तर शिवणाचं मशीन त्याच्या लाकडी टेबलावरून सोडवत होते. स्क्रू गंजलेले होते. काकूनं तिचा स्क्रूड्रायव्हर पुढे केला, मास्तरांनी तो घेतला आणि म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार, काकू. तुम्ही तुमच्या परीनं केलंत."

काकूला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. हल्ली त्या काठी टेकत दारापर्यंत यायच्या. आज रस्त्यापर्यंत आल्या. मशीन उराशी धरून उभ्या असलेल्या मास्तरांना बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नकोस रे बाबा," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरातली मला आधी कळली असती तर तिचाही निकाल लावला असता. आमच्या अंगणातली मीच संपवली. त्या डब्यात नुसती बुजबुजली होती. दोन पातेली उकळतं पाणी ओतलं, एक ठेवली नाही. ही म्हणाली, कुणाला सांगू नका, म्हणून गप्प बसले. विचार हिला."

 गॅरेजवाल्याची बायको समोरच उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

मास्तरांनी मशीन हळूच खाली ठेवलं. "कधी, आजी?"

"थंडीत. पाय भाजला बघ माझा, हा डाग अजून आहे."

मास्तर काकूकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. "म्हणजे दिवे मालवले होते, मी विचारलं, तेव्हा..."

"हो," काकू म्हणाली.

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

 मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर काकूच्या हातात दिला, मशीन उचललं आणि हातगाडीकडे निघाले.

"काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?" सासूबाई इकडून तिकडे बघत राहिल्या. "मास्तर! अरे, झालं काय?"

मास्तर थांबले. "नाही आजी. तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले आणि गेले.

म्हातारीनं काकूचा दंड धरला. "तू सांग. काय झालं? सगळे असे का बघतायत?"

आणि जे इतके महिने घरातल्या घरात सांगायचं टाळलं होतं, ते काकूला रस्त्यात, सगळ्या गल्लीदेखत सांगावं लागलं. वाळवी खायला आली होती म्हणून घर वाचणार होतं. पाणी ओतलं म्हणून ती गेली. गेली हे मी लपवलं म्हणून मास्तर राहिले. राहिले म्हणून त्यांची बायको पडली. सांगताना काकूचा आवाज फुटत होता, पण तिनं काही गाळलं नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकलं.  एकदा मास्तरांच्या रिकाम्या घराकडे बघितलं. मग त्यांनी सुनेकडे बघितलं, आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "मग त्या दिवशीच मला ओरडली का नाहीस गं?"